उलट्या पावलांची माणसं

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या देवघरात दत्ताची तसबीर असेल. तीन शिरं, सहा हात, पायाशी कुत्री, मागे गाय. हीच तसबीर पश्चिम आफ्रिकेत, टोगोच्या किनाऱ्यावर, पाण्यातल्या देवतांच्या देव्हाऱ्यात लावलेली आढळते. तिथे तिचं नाव डेन्सू. मामी वाटा ही जलदेवता आणि तिच्या परिवारातला हा त्रिमुखी देव. खुद्द मामी वाटाचं सर्पधारिणी रूपातलं चित्र मूळचं जर्मनीत छापलेलं, पण १९५५ मध्ये ते आपल्या मुंबईत पुन्हा छापून तिकडे गेलं. बाजारातून आलेल्या चित्रात आपला देव ओळखणारे हे लोक म्हणजे एव्हे. आज त्यांच्याबद्दल बोलायचंय.

घानाचा आग्नेय कोपरा आणि टोगोचा दक्षिण भाग, साधारण व्होल्टा आणि मोनो या दोन नद्यांमधला मुलूख, हे त्यांचं घर. जन्मवारावरून नाव ठेवायची त्यांची रीत. सोमवारी जन्मला तो कोजो, शुक्रवारचा कोफी. शुक्रवारची मुलगी असेल तर आफी. पत्रिका न बघता वार कळतो!

पण एव्हे माणसाला ‘तुम्ही कुठले?’ असं विचारलंत, तर तो नोत्सेचं नाव घेईल. हे गाव आजच्या टोगोत आहे. गावाभोवती मातीची प्रचंड तटबंदी होती, तिचे अवशेष अजून दिसतात. कथा सांगते की तिथला राजा आगोकोली अतिशय जुलमी. भिंतीसाठी तुडवायच्या चिखलात तो काटे टाकायला लावी. एकदा त्याने हुकूम सोडला, मातीचा दोर वळून आणा. म्हाताऱ्यांनी युक्ती केली. म्हणाले, ‘महाराज, जुना दोर नमुन्याला दाखवा, तसाच वळून देतो.’ आपल्याला इथे बिरबल आठवणारच.

मग सुटकेचा बेत ठरला. बायकांनी धुण्याभांड्याचं पाणी रोज भिंतीच्या एकाच जागी ओतायला सुरुवात केली. दिवसेंदिवस. कुणाला संशय आला नाही. सांडपाण्याकडे कोण बघतो? भिंत भिजून मऊ झाली. एका रात्री ढोलांचा गजर सुरू ठेवला, त्या आवाजाआड भिंत फोडली आणि बायकापोरं आधी बाहेर काढली. शेवटचे लोक उलट्या पावलांनी चालत गेले. सकाळी राजाच्या माणसांना दिसलं ते गावात शिरलेल्या पावलांचे ठसे!

बाहेर पडल्यावर वाटा फुटल्या. काही हो आणि पेकी या गावांच्या डोंगराळ भागाकडे गेले, काही समुद्राकडे. समुद्राकडच्यांचा म्होरक्या वेन्या. चालून चालून थकलेला तो म्हातारा एका जागी बसला आणि म्हणाला, आता माझं मुटकुळं झालंय, पुढे येत नाही. एव्हे भाषेतल्या त्या शब्दावरून त्या लोकांना ‘आन्लो’ म्हणू लागले.

ही कथा किती खरी? माझं मत सांगतो. भिंत खरी, स्थलांतरही खरं. पण सगळ्या एव्हेंची एकच कथा, एकच जात, ही जाणीव बरीच अलीकडची. १८४७ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनचे मिशनरी पेकीला आले. त्यांनी शाळा काढल्या आणि विखुरलेल्या बोलींवर एक लिखित भाषा बसवली. जुलमी राजाच्या तावडीतून निसटणारे लोक ही गोष्ट बायबल शिकवणाऱ्यांना आवडली नसती तरच नवल! नोत्सेहून झालेल्या या सुटकेची आठवण जागवणारा होग्बेत्सोत्सो हा आन्लोंचा प्रसिद्ध उत्सवसुद्धा १९६२ मध्ये सुरू झाला. या सभागृहात त्याच्याहून वयाने मोठी माणसं बसली आहेत. म्हणून तो खोटा ठरत नाही. त्यात नाचतात त्या नाचाचं नाव ‘मिसेगो’, अर्थ ‘कंबर कसा’. पळून जायच्या रात्रीचीच ती हाक.

कंबर पुढेही कसावी लागली. १८८४ मध्ये जर्मनांनी टोगो घेतला, तेव्हा आन्लोंचा केटा किनारा इंग्रजांकडे होता. पहिल्या महायुद्धात जर्मन गेले आणि टोगो फ्रेंच व इंग्रज यांनी वाटून घेतला. एका भाषेची माणसं आता दोन परक्या भाषांत शिकू लागली. टोगोतले नेते सिल्व्हानस ऑलिंपिओ यांनी १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे एव्हेंच्या एकीकरणाची मागणी मांडली. १९५६ च्या सार्वमतात इंग्रजी टोगोने गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, सामील व्हायचा कौल दिला. पण हो आणि क्पांडो या एव्हे भागांचं बहुमत विरोधात होतं. ऑलिंपिओ पुढे स्वतंत्र टोगोचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९६३ मध्ये त्यांची हत्या झाली आणि एकीकरणाचा विषय मागे पडला.

होग्बेत्सोत्सोचा मुख्य दिवस म्हणजे नोव्हेंबरचा पहिला शनिवार. पण मला त्याच्या आधीचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. आधी नुग्बिदोदो होतो, म्हणजे भांडणं मिटवायची. औषधी पाला पाण्यात घालून ते पाणी जमलेल्यांवर शिंपडतात. त्यानंतर गावं झाडतात. पश्चिमेला व्होल्टाच्या मुखापासून झाडायला सुरुवात होते. गावामागून गाव झाडत कित्येक दिवसांनी हा केर पूर्वेला मोनो नदीपर्यंत पोचायचा, अशी परंपरा आहे. घाना आणि टोगोची सरहद्द मध्ये आफ्लाओला लागते. खराटा तिच्या पलीकडे जातो.