कॅरिअरला अडकवलेली चिठ्ठी

(दृश्य : फर्ग्युसन कॉलेज, पुणे. सकाळी गजबजलेला दुचाकींचा वाहनतळ.)

१९८६ साली मी इथे अकरावीला आले, तेव्हा आवारात सायकलींची रांग लागायची. सदाशिव पेठेतून निघायचं, लकडी पूल ओलांडायचा, डेक्कनवरून फर्ग्युसन रस्त्याला लागायचं. कोण आलंय, कोण नाही, हे त्या रांगेवरून कळायचं. मैत्रिणीची सायकल ओळखू यायची. घंटी वाकडी, सीटला आईनं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. सायकल आहे पण वर्गात बाईसाहेब नाहीत, म्हणजे कॉलेजमागच्या हनुमान टेकडीवर! मग कॅरिअरच्या स्प्रिंगखाली चिठ्ठी अडकवायची, ‘चारला लायब्ररीत’. पावसाळ्यात शाई फुटायची आणि चारचे पाच व्हायचे. तासभर वाट बघणं हा तेव्हा दिवसाचाच भाग होता. त्या तासाभरात अनोळखी मुलीही मैत्रिणी व्हायच्या.

(दृश्य : वाडिया ग्रंथालय. मग दगडी मुख्य इमारत.)

ग्रंथालयात कार्डांचे लाकडी खण होते. एक पुस्तक शोधताना बोटांखालून दहा नावं सरकायची, त्यातलंच एखादं घरी यायचं. आता नाव टाइप केलं की तेवढंच पुस्तक समोर येतं. सोय मोठी आहे, हे मी मनापासून म्हणते. पण त्या वाट चुकून भेटलेल्या पुस्तकांची मला अजून आठवण येते.

हे कॉलेज डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं १८८५ मध्ये सुरू केलं. आगरकर इथे प्राचार्य होते, गोखले इथे शिकवायचे. तुटपुंज्या पगारावर उमेदीची वर्षं देणारी ती माणसं. या पायऱ्यांवर बसताना आम्हाला ते कुठं ठाऊक होतं!

(दृश्य : भ्रमणध्वनी हातात घेतलेली मुलं. गळ्यात ओळखपत्रं.)

आज प्रवेशाची यादी फळ्यावर नाही, मोबाइलवर लागते. यादीसमोर रेटारेटीत उभं राहून आपलं नाव शोधण्याची ती धडधड गेली. सायकली तर जवळजवळ संपल्याच.

(दृश्य : रात्र. तालमीची खोली.)

पण पुरुषोत्तम करंडक, ती कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा, अजून आहे. १९६३ पासूनचा. पाऊस सुरू झाला की तालमी रंगतात, घरून फोन येतात, कुणीतरी सगळ्यांसाठी वडापाव आणतं. भरत नाट्य मंदिरात पडदा वर जाण्याआधी अजूनही तीच आरोळी उठते.

(ध्वनी : ‘अरे, आव्वाज कुणाचा!’)