बटाट्याचं स्टेशन

(दृश्य: सरळसोट रस्ता. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, दूरवर बोडके डोंगर. पुढे एक गाडी चाललेली.)

पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचा. आकड्यांच्या खाली लिहिलंय, ‘फेमस पोटॅटोज’. सुप्रसिद्ध बटाटे. थट्टा नाही, सरकारी पाटी आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची. आणि ही हौस आजची नाही. १९२८ साली या राज्यानं जी पाटी काढली, तिच्यावर एक लांबुळका बटाटाच उठवलेला होता आणि गाडीचा नंबर त्या बटाट्याच्या पोटावर. गाडी डॉक्टरची असो की न्यायाधीशाची, मागून बघणाऱ्याला आधी बटाटा दिसायचा.

आपण निघालोय ब्लॅकफूटला. आयडाहोच्या पूर्व भागातलं, बारा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. बिंगहॅम काउंटीचं मुख्य ठिकाण. नाव ब्लॅकफूट असलं तरी त्या नावाच्या आदिवासींचा मुलूख इथून बराच उत्तरेला. गावाला लागून आहे ती फोर्ट हॉलची राखीव जमीन, शोशोनी आणि बॅनॉक लोकांची. गाव स्वतःला जगाची बटाटा-राजधानी म्हणवतं. असं म्हणवणारी गावं आणखीही आहेत, पण त्यांनी भांडण काढण्याआधी आपण आत जाऊ या.

(दृश्य: जुनं रेल्वे स्थानक. समोर भला मोठा, उकललेला भाजका बटाटा. वर लोण्याचा चौकोन, पांढरं क्रीम.)

पत्ता चुकण्याची भीती नाही. दारात हा असा बटाटा उभा आहे. लोक पोटभर फोटो काढतात, मग मागच्या इमारतीकडे त्यांचं लक्ष जातं. ही इमारत १९१३ सालचं रेल्वे स्टेशन आहे, ओरेगन शॉर्ट लाइन या कंपनीचं. आता इथे आयडाहो पोटॅटो म्युझियम आहे. बटाट्याला स्टेशन मिळालं हा योगायोग असेल, पण मला तो फार शोभून दिसतो. का, ते पुढे येईलच.

आधी गमती बघून घेऊ. इथे येणारा प्रत्येक जण त्यासाठीच येतो, आपण तरी कशाला आव आणायचा?

हा फोटो मेरिलिन मन्रोचा. अंगावर आयडाहो बटाट्याचं गोणपाट, वर-खाली कापून, कमरेशी आवळून झगा केलेला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचा. ही बाई पोत्यातही सुंदरच दिसेल, असं कुणीतरी म्हणालं आणि स्टुडिओनं ते खरं करून दाखवलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, पोत्यावर छापलेलं राज्याचं नाव मात्र फुकटात जगभर गेलं.

आणि हा सही केलेला बटाटा. सही डॅन क्वेल यांची, अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष. १९९२च्या जूनमध्ये ते न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या एका शाळेत गेले होते. मुलांची स्पेलिंगची स्पर्धा चालली होती. एका मुलानं फळ्यावर ‘पोटॅटो’ अगदी बरोबर लिहिलं, आणि साहेबांनी कॅमेऱ्यांसमोर त्याला शेवटी एक जादा ‘ई’ जोडायला लावला. पुढे काय झालं ते सांगायला नको. आपल्याकडे ब, टा, टा. चुकायचं म्हटलं तरी जागा नाही.

तसा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणला, आणि त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांवरून आला. तिथे ‘बटाटा’ म्हणजे रताळं. ज्यांनी खरा बटाटा पिकवायला सुरुवात केली, ते अँडीज पर्वतातले लोक त्याला ‘पापा’ म्हणतात. थोडक्यात, आपण कित्येक पिढ्या बटाट्याला रताळ्याच्या नावानं हाक मारतोय, आणि त्यानं कधी तक्रार केलेली नाही.

मिस्टर पोटॅटो हेड. हे खेळणं १९५२ साली बाजारात आलं तेव्हा डब्यात फक्त नाक, डोळे, कान, मिशा मिळायच्या. डोकं घरच्या टोपलीतलं, खरं. प्लॅस्टिकचा बटाटा मिळायला १९६४ साल उजाडावं लागलं.

(दृश्य: काचेआड मोठा, वाकडा, पिवळट पापुद्रा. कॅमेरा हळूहळू जवळ.)

इथे मात्र जरा थांबू. जगातला सर्वांत मोठा बटाट्याचा क्रिस्प. प्रिंगल्स बनवणाऱ्यांनी घडवलेला, जवळजवळ दोन फूट लांब. लोक विचारतात, एवढा मोठा बटाटा आणला कुठून? तर असा बटाटा नव्हताच. नेहमीचा वेफर म्हणजे बटाट्याचा पातळ काप. प्रिंगल्स म्हणजे वाळवलेल्या बटाट्याचा चुरा पुन्हा भिजवून, मळून, लाटून, साच्यात तळलेला. याला ‘चिप’ म्हणायचं की नाही, यावर अमेरिकेत सरकारदरबारी वाद झाला. १९७५ साली निर्णय आला, की चिप म्हणा, पण वाळवलेल्या बटाट्यापासून बनवलेली आहे हे शेजारी लिहा. पुढे कंपनीनं ‘क्रिस्प’ हा शब्द धरला आणि मोकळी झाली.

आधी पाणी काढलं, मग पुन्हा घातलं. हे लक्षात ठेवा. या इमारतीतल्या बहुतेक वस्तू शेवटी त्याच गोष्टीपाशी येतात.

(दृश्य: खिडकीतून शेतं. फिरते फवारे, पाण्याचे लांबच लांब हात.)

बटाटा कापून बघितला तर जवळजवळ ऐंशी टक्के पाणी. आणि हा प्रदेश? वर्षाला जेमतेम दहा इंच पाऊस. पावसावर सोडलं तर इथे सेजब्रशची राखाडी झुडपं आणि वाळकं गवत, बस्स. मग इथेच बटाटा का? जमीन ज्वालामुखीच्या राखेची, हलकी, भुसभुशीत, कंदाला पोसायला मोकळी जागा देणारी. दिवस उन्हाचे, रात्री थंड, कारण समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांची उंची. आणि शेजारून वाहणारी स्नेक नदी. नदी होती, पण खाली, खोलात. ती शेतापर्यंत आणायला कालवे खणावे लागले. मिल्नर धरण १९०५ साली पुरं झालं आणि ट्विन फॉल्सच्या आसपासचं माळरान भिजलं. १९२०च्या दशकात अमेरिकन फॉल्स इथे मोठं धरण बांधायचं ठरलं, तर गावच पाण्याखाली जाणार होतं. मग घरंच्या घरं उचलून गाव वर नेऊन ठेवलं. जुन्या गावातलं धान्याचं एक उंच कोठार तेवढं मागे राहिलं. आजही ते पाण्यातून डोकं काढून उभं आहे, ब्लॅकफूटपासून फार लांब नाही.

आणि हे पाणी शिस्तीनं द्यावं लागतं. इथलं नावाजलेलं वाण रसेट बर्बँक. लांब, जाड खरखरीत सालीचं, भाजायला आणि तळायला एकदम पक्कं. पण नखरेल. पाण्याची एखादी पाळी चुकली की कंदाला गाठी येतात, मधेच कंबर बारीक होते, टोकाशी साखर साचते आणि तळल्यावर ते टोक काळं पडतं. वळवाच्या भरवशावर हे पीक घेता येत नाही. नळ आपल्या हातात असेल तरच घ्यावं.

या वाणाचा आजा ल्यूथर बर्बँकच्या हाती लागला. मॅसॅच्युसेट्समधला तरुण माळी. बटाटा आपण बेण्यापासून लावतो, डोळे असलेल्या फोडीपासून. त्यामुळे पोर अगदी आईसारखंच निघतं. पण क्वचित झाडाला फळ धरतं, हिरव्या गोळीएवढं, आणि त्यातल्या बियांतून काय उगवेल याचा नेम नसतो. बर्बँकला असं एक फळ सापडलं. तेवीस बिया. तेवीसही उगवल्या. त्यातलं एक रोप सरस निघालं. १८७५ साली त्यानं त्याचे हक्क दीडशे डॉलरला विकले आणि कॅलिफोर्नियाची वाट धरली. खरखरीत सालीचा बदल त्यात नंतर आपोआप झाला. दीडशे डॉलर. मी तो आकडा दोनदा लिहून बघितला.

एकाच वाणावर एवढी भिस्त ठेवण्याची धास्ती मात्र वाटते. आयर्लंडमध्ये गरिबांच्या ताटात जवळजवळ एकच वाण होतं, लंपर. १८४५ साली करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं गेली. तितकीच देश सोडून गेली, त्यातली बरीचशी इकडे, अमेरिकेत.

(दृश्य: जुनी अवजारं. गोणपाट. जाड पट्टा, त्याला लोखंडी आकडे.)

मन्रोच्या फोटोपाशी गर्दी असते, या पट्ट्यापाशी नसते. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. यंत्रं येण्याआधी काढणी अशी व्हायची: घोड्याचा नांगर सरी उलथत पुढे जायचा, मागून माणसं वेचत. कमरेला हा पट्टा, पट्ट्याच्या आकड्यांना पोतं, आणि पोतं दोन पायांच्या मधून मागे फरफटत. दोन्ही हातांनी वेचायचं, पोत्यात टाकायचं, एक पाऊल पुढे. वाकलेलं वाकलेलंच. पोतं जड होत जाणार आणि पट्टा कमरेत रुतत जाणार. याच गोणपाटाचा झगा झाला की फोटो छापून येतो.

वेचायला शाळेतली मुलंही असत. इथल्या काही शाळांना आजही काढणीची सुट्टी मिळते, शरद ऋतूत. दुसऱ्या महायुद्धात गावातले हात रणांगणावर गेले, तेव्हा मेक्सिकोतून मजूर आले. आणि मिनिडोकाच्या छावणीतून जपानी वंशाचे अमेरिकन नागरिकही आले. सरकारनं त्यांना घरांतून उठवून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. बाहेर सोडलं ते बीट आणि बटाटे काढायला.

शेजारच्या शेली गावात आता दर सप्टेंबरला बटाटा दिन होतो. रस्सीखेच असते, मधे कुस्करलेल्या बटाट्यानं भरलेला खड्डा. हरणारा संघ त्यात. तिथल्या हायस्कूलच्या संघाचं नाव काय? रसेट्स. समोरच्या संघाला याची भीती वाटत असेल का, कोण जाणे.

(दृश्य: जमिनीत अर्धवट गेलेलं कोठार, वर मातीचं छप्पर.)

काढलेला बटाटा असा ठेवतात. आपल्या जुन्या पेवाची आठवण व्हावी. आता पत्र्याची प्रचंड कोठारं झाली, पण तत्त्व तेच. बटाटा काढल्यावरही जिवंत असतो, श्वास घेतो, पाणी सोडतो. म्हणून आतली हवा दमट ठेवायची, सुरकुती पडू द्यायची नाही. फार गारठाही चालत नाही. थंडीत पिठाची साखर होते आणि तळणीचा रंग बिघडतो. असा सांभाळला की ऑक्टोबरचा बटाटा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतो.

आणि मग तो याच स्टेशनावरून निघायचा. हिवाळ्यात डब्यात गोठू नये म्हणून शेगड्या पेटवाव्या लागत. आता हिशेब करा. दहा डब्यांची बटाट्याची गाडी सुटली, की त्यातले आठ डबे पाण्याचे. कालव्यानं ओढून आणलेलं, सरीतून कंदात गेलेलं स्नेक नदीचं पाणी, तिकीट काढून शिकागोला.

हा खर्च एका माणसाला सलत होता. जे. आर. सिम्पलॉट. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला आयडाहोचा शेतकरी. महायुद्धात त्यानं बटाटे वाळवून लष्कराला पुरवले. पुढे त्याच्या रसायनतज्ज्ञानं तळलेल्या कापांना गोठवून टिकवण्याची युक्ती साधली आणि १९६७ साली मॅकडोनाल्ड्सच्या रे क्रॉकबरोबर सिम्पलॉटचा सौदा झाला, तोही नुसत्या हस्तांदोलनावर. जगभर एकाच चवीचे फ्रेंच फ्राइज मिळतात, त्याचं एक मूळ इथे आहे.

पण पाणी काढण्याची अक्कल सिम्पलॉटची नाही, आणि युद्धाचीही नाही. टिटिकाका सरोवराच्या काठी, साडेबारा हजार फुटांवर, अँडीजचे शेतकरी रात्री बटाटे उघड्यावर पसरतात. कडाक्याच्या थंडीत ते गोठतात. दिवसा उन्हात मऊ पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं. पुन्हा रात्र, पुन्हा ऊन. काही दिवसांनी हलका, दगडासारखा खडखडीत ‘चुन्यो’ तयार. वर्षानुवर्षं टिकतो. ना कारखाना, ना वीज.

(दृश्य: उपाहारगृह, वाफाळता भाजका बटाटा. मग बाहेर पडण्याचा दरवाजा.)

संग्रहालयाचं स्वतःचं उपाहारगृह आहे. तिथे काय मिळतं, हा प्रश्न विचारू नये.

जाता जाता मात्र काउंटरवर सांगा, की तुम्ही राज्याबाहेरचे. ‘फ्री टेटर्स फॉर आउट-ऑफ-स्टेटर्स’ ही इथली जुनी घोषणा. परगावच्या पाहुण्याला बटाटा फुकट. आम्ही हात पुढे केला. वाटलं, मातीचा वास असलेला एखादा दणकट रसेट मिळेल. हातावर पडलं एक लहानसं खोकं. कागदाचं, फुलासारखं हलकं. हलवलं तर आत खुळखुळ.

रात्री मुक्कामाच्या खोलीत ते उघडलं. वाळवलेला, किसलेला बटाटा. आम्ही किटली भरून बटण दाबलं.

(दृश्य: नळ. किटली. वाफ.)