एका वटवट्याचे वर्तुळ

[दृश्य: ऑक्टोबरमधील सकाळ. रस्त्याकडेच्या शिरिषाचा डेरेदार शेंडा. पानांआडून येणारा आवाज. पक्षी दिसत नाही.]

पावसाळा माघारी फिरला की महाराष्ट्रातील आंबराईंत, देवराईंत आणि शहरांतील रस्त्याकडेच्या झाडांवरही एक नवा आवाज ऐकू येऊ लागतो. ‘चि-वी’ असा तो दोन अक्षरांचा, तीक्ष्ण आवाज असतो आणि थोडा वेळ जाताच तो त्याच झाडावरून पुन्हा येतो. हा आवाज काढणारा पक्षी चिमणीहूनही लहान असतो. त्याची लांबी सुमारे १० सेंटिमीटर आणि वजन अवघे सात ते नऊ ग्रॅम असते. बाल्टिक समुद्राच्या पूर्वेकडील जंगलांपासून सैबेरियापर्यंत आणि मध्य आशियातील पर्वतरांगांपासून काश्मीरपर्यंत पसरलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून तो हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. त्याचे नाव हिरवट वटवट्या. मराठी पक्षिनिरीक्षक त्याला बहुधा ‘ग्रीनिश वॉर्बलर’ म्हणूनच ओळखतात.

[दृश्य: पानांतून क्षणभर दिसणारा पक्षी. भुवई, चोच आणि पंखावरील पट्टी यांची स्थिरचित्रे.]

या पक्ष्याच्या अंगावर लक्ष वेधून घेणारे काहीच नाही. त्याची पाठ करडसर हिरवी असते आणि पोट मळकट पांढरे असते. डोळ्यातून एक गडद रेघ जाते आणि तिच्यावर फिकट रंगाची लांब भुवई असते. खालची चोच फिकट नारिंगी दिसते. पंखावर एकच बारीक पांढुरकी पट्टी असते आणि पिसे झिजली की तीही दिसेनाशी होते. शिवाय हा पक्षी एका फांदीवर दोन क्षणही स्वस्थ बसत नाही. पानांच्या खालच्या बाजूचे किडे टिपत तो सतत हलत राहतो, त्यामुळे दुर्बीण डोळ्याला लावून तो सापडेपर्यंत बहुतेक वेळा पुढच्या फांदीवर गेलेला असतो. पक्षिनिरीक्षणाला नव्याने लागलेली माणसे खंड्या, नीलपंख आणि धनेश यांच्या ओळखीने आनंदून जातात, आणि नेमकी या वटवट्यांपाशी येऊन थबकतात.

त्यांचे थबकणे रास्त आहे, कारण फायलोस्कोपस या प्रजातीत, म्हणजे पर्णवटवट्यांच्या घराण्यात, आज सुमारे ८० जाती मानल्या जातात आणि त्यांतील बहुतेक जाती हिरवट, करड्या व पिवळसर छटांच्या मर्यादेबाहेर जात नाहीत. हिवाळ्यात महाराष्ट्रात यांच्यापैकी कितीतरी जाती येतात, आणि त्यांना वेगळे करताना रंगाआधी जागा आणि वागणूक पाहावी लागते. गंधकासारख्या पिवळ्या पोटाचा एक वटवट्या झाडाच्या शेंड्याकडे फारसा फिरकत नाही. तो खडकाळ उतारांवर, झाडांच्या बुंध्यांवर आणि पडक्या भिंतींवर सरपटल्यासारखा वावरतो, म्हणून आपल्या गडकिल्ल्यांच्या तटबंदीवर दगडांच्या फटी तपासत फिरणारा छोटा, तपकिरी पाठीचा पक्षी दिसला तर प्रथम त्याचाच विचार करावा. सह्याद्रीच्या दाट झाडीत डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा आणि पंखावर दोन पट्ट्या असलेला वटवट्या दिसला, तर तो हिमालयातून आलेला पश्चिमी मुकुटधारी वटवट्या असण्याची शक्यता अधिक असते. तिथेच मोठ्या चोचीचा आणखी एक जण असतो आणि तो चढत जाणाऱ्या शिट्टीमुळे ओळखू येतो. बांधावरच्या झुडपांतून ‘टक्, टक्’ असा कोरडा आवाज काढणारा तपकिरी पक्षी तर पर्णवटवट्याच नव्हे. तो बोरूच्या बेटांत घरटी करणाऱ्या वटवट्यांच्या घराण्यातला, म्हणजे थोडा दूरचा नातेवाईक असतो.

[दृश्य: ध्वनिमुद्रणाच्या आलेखावर तीन वेगवेगळ्या वटवट्यांचे आवाज उमटतात.]

इथे डोळ्यांपेक्षा कान अधिक विश्वासाचे ठरतात, आणि ही गोष्ट फार पूर्वी लक्षात आलेली आहे. इंग्लंडमधील सेलबर्न या गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ साली आपल्या परिसरातील, दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या वटवट्यांच्या प्रत्यक्षात तीन जाती असल्याचे निश्चित केले. त्यांना हा भेद प्रथम उलगडला तो गाण्यांमुळे. दुर्बिणीने पक्षी पाहण्याची पद्धत तेव्हा नव्हती, पण शेतावरून आणि रानातून रोज फिरणाऱ्या या माणसाचे ऐकणे विलक्षण बारकाईचे होते. ज्या तीन पक्ष्यांना लोक एकाच नावाने ओळखत होते, ते एकमेकांना मात्र कधीच एक समजत नव्हते, हे त्यांना कळले.

दिसणे सारखे आणि गाणे वेगळे, असे का व्हावे? पानांत राहून किडे टिपणाऱ्या पक्ष्याला पानांचाच रंग उपयोगी पडतो. ठळक रंगाचा पक्षी शिकऱ्याच्या नजरेत लवकर भरतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने या सर्वांना हिरव्या-करड्या छटांत बांधून ठेवले आहे. गाण्यावर मात्र तसे बंधन नाही. घनदाट पानांत मादीला नर दिसत नाही, तर ऐकू येतो. त्यामुळे जोडीदाराची निवड आणि हद्दीचे भांडण ही दोन्ही कामे आवाजाकडे जातात, आणि आवाजात झालेला लहानसा बदलही पुढच्या पिढ्यांत साठत जाऊ शकतो. पर्णवटवट्यांच्या एवढ्या जाती कशा झाल्या, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या साठत जाण्यात आहे असे मला वाटते, आणि त्याचा सर्वांत सुंदर दाखला आपल्या दारातला हिरवट वटवट्याच देतो.

[दृश्य: जुने कलकत्ता. मग आशियाचा नकाशा. मधोमध तिबेटचे पठार.]

शास्त्राच्या वहीत या पक्ष्याची नोंद भारतातूनच झाली. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ कार्ल याकोब सुंदेवाल यांनी १८३७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यासाठी वापरलेला नमुना कलकत्त्याचा होता. पुढे १८४३ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याच्या जवळच्या आणखी दोन रूपांना नावे दिली. हे ब्लाइथ म्हणजे चार्ल्स डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांना भारतातील पशुपक्ष्यांची विपुल माहिती पुरवणारे अभ्यासक. त्यांनी नाव दिलेल्या या साध्या पक्ष्यांमध्ये डार्विन यांच्या सिद्धांताचा एवढा ठळक पुरावा दडलेला आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना असणे शक्य नव्हते.

तो पुरावा दिसण्यासाठी नकाशा पाहावा लागतो. तिबेटच्या पठारावर झाडे नाहीत, त्यामुळे झाडांवर जगणाऱ्या या पक्ष्याला तिथे थारा नाही. पठाराच्या कडेकडेने मात्र सर्वत्र त्याची वीण होते. दक्षिणेला हिमालयाच्या उतारांवर, पश्चिमेला काश्मीरपासून तियान शान पर्वतापर्यंत आणि तिथून पश्चिम सैबेरियात, तर पूर्वेला मध्य चीनच्या डोंगरांतून पुढे पूर्व सैबेरियात असे त्याच्या वस्तीचे एक प्रचंड कडे पठाराला वेढून आहे. या वस्तीची दोन टोके उत्तरेला येनिसेई नदीच्या परिसरात पुन्हा एकमेकांना भेटतात. पश्चिमेकडून आलेल्या टोकाच्या पक्ष्यांच्या पंखावर एक पट्टी असते आणि पूर्वेकडून आलेल्यांच्या पंखावर दोन असतात. एकाच जंगलात राहूनही हे दोन गट एकमेकांशी सहसा जोडी जमवत नाहीत. म्हणजे येनिसेईकाठी उभ्या राहिलेल्या निरीक्षकाला या दोन सरळ वेगळ्या जाती वाटतील. पण तिथून पश्चिमेची वाट धरून, तियान शान आणि काश्मीरवरून हिमालयात उतरून, पूर्वेच्या वाटेने पुन्हा सैबेरियात पोहोचलेल्या माणसाला वाटेत एकही ठळक सीमारेषा आढळणार नाही. प्रत्येक ठिकाणचा पक्षी शेजारच्या ठिकाणच्या पक्ष्याहून किंचितच वेगळा असतो.

ही विलक्षण रचना ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ साली, संग्रहालयांतील कातड्यांचा अभ्यास करून मांडली. अशा रचनेला वलयजाती म्हणता येईल. उत्क्रांतीच्या अभ्यासकांना तिचे मोल फार मोठे आहे, कारण एका जातीच्या दोन जाती होण्यास जो प्रचंड काळ लागतो, तो काळ आपल्याला प्रत्यक्ष पाहता येत नाही. इथे मात्र त्या काळातील सगळ्या पायऱ्या भूगोलावर एकाच वेळी शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात.

[दृश्य: नकाशावर एकामागून एक ठिकाणे उजळतात, प्रत्येक ठिकाणचे गाणे ऐकू येते.]

संग्रहालयातील कातडी गात नाहीत. ती उणीव उत्क्रांतीचे अभ्यासक डॅरेन इर्विन यांनी भरून काढली. त्यांनी या वलयाच्या निरनिराळ्या भागांत जाऊन नरांची गाणी ध्वनिमुद्रित केली, रक्ताचे नमुने घेतले आणि २००१ साली, स्टाफन बेन्श व ट्रेव्हर प्राइस यांच्यासह, निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिमालयातील पक्ष्यांची गाणी आखूड आणि साधी असतात. तिथून पश्चिमेच्या वाटेने उत्तरेकडे जावे तसतशी गाणी लांब आणि गुंतागुंतीची होत जातात, आणि पूर्वेच्या वाटेनेही तसेच घडते. पण गुंतागुंत वाढवण्याची रीत दोन्ही वाटांवर सारखी राहिलेली नाही. म्हणून उत्तरेला दोन्ही टोके भेटतात तेव्हा दोघांचीही गाणी लांबलचक असली तरी त्यांची घडण वेगळी असते. इर्विन यांनी एका गटाचे मुद्रित गाणे दुसऱ्या गटातील नरांना ऐकवून पाहिले. आपल्या हद्दीत परक्या नराचे गाणे ऐकताच चवताळून येणारा हा पक्षी त्या गाण्याकडे लक्षच देत नाही, असे त्यांना आढळले. त्याच्या लेखी ते प्रतिस्पर्ध्याचे गाणे नसतेच.

या कथेत एक खंड आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. उत्तर चीनमध्ये वलयाचा एक तुकडा आज रिकामा आहे. तिथली जंगले माणसाने तोडली, म्हणून तो रिकामा झाला असावा, असे अभ्यासक मानतात. पुढे २०१४ साली या पक्ष्यांच्या जनुकसंचाचा अधिक बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा चित्र आधी वाटले होते तितके अखंड नसल्याचे दिसले. वलयातील काही गट पूर्वीच्या काळात एकमेकांपासून तुटले होते, नंतर पुन्हा जोडले गेले होते आणि सैबेरियात वेगळे वाटणाऱ्या दोन टोकांमध्येही थोडी जनुकीय देवाणघेवाण झालेली होती. काहींना यामुळे उदाहरणाची झळाळी कमी झाल्यासारखे वाटले. मला मात्र नंतरचे चित्र अधिक मोलाचे वाटते, कारण हिमयुगांत जंगले आक्रसली आणि पुन्हा पसरली, पक्ष्यांचे गट दुरावले आणि पुन्हा भेटले, हा सगळा इतिहास एवढ्याशा पक्ष्याच्या पेशींत वाचता येतो, हेच त्यातून सिद्ध झाले.

मग जाती किती मोजायच्या? पक्ष्यांच्या जागतिक याद्यांमध्ये याबाबत मतभेद आहेत. पूर्वेकडील दोन पट्ट्यांच्या रूपाला काही यादीकारांनी स्वतंत्र जातीचा दर्जा दिला, तर काहींनी त्याला हिरवट वटवट्यातच ठेवले. नोंदवहीत खूण करणाऱ्या निरीक्षकाला हे गैरसोयीचे वाटते. पण यादी हे माणसाने स्वतःच्या सोयीसाठी केलेले काम आहे आणि पक्षी अजून वेगळे होण्याच्या वाटेवर आहेत. त्या वाटेवर नेमका कुठे दगड रोवायचा, यावर दोन जाणकारांचे मत वेगळे पडणे हे अज्ञानाचे लक्षण नाही. जाती एकीतून दुसरी अशा निर्माण होत असतील, तर अशी अर्धवट अवस्थेतील उदाहरणे सापडायलाच हवीत, आणि ती सापडतात.

[दृश्य: हिवाळी दुपार. एका झाडावर दोन वटवट्यांचा पाठलाग.]

आपल्याकडे येणाऱ्या या पाहुण्याचे हिवाळी जीवनही अभ्यासकांनी तपासले आहे. ट्रेव्हर प्राइस यांनी आंध्र प्रदेशातील पूर्व घाटात आणि पुढे मधुसूदन कट्टी यांनी तमिळनाडूतील मुंडनतुरईच्या जंगलात त्यावर काम केले. वीण हिवाळ्यात होत नसली तरी हा पक्षी इथे आल्यावर स्वतःपुरती काही झाडे राखतो आणि तिथे दुसऱ्या वटवट्याला फिरकू देत नाही. त्याची सतत चाललेली ‘चि-वी’ ही त्या हद्दीची द्वाही असते. आपण ज्याला नुसती चिवचिव समजतो, त्या आवाजावर त्या पक्ष्याचा हिवाळाभराचा अन्नपुरवठा अवलंबून असतो.

आणि या आवाजातच महाराष्ट्रातील, तसेच गोव्यातील निरीक्षकांसाठी एक काम दडलेले आहे. ब्लाइथ यांनी १८४३ साली नाव दिलेल्या दोन रूपांपैकी एक, म्हणजे कॉकेशसच्या परिसरात वीण करणारा अधिक हिरवा व पिवळसर वटवट्या, आज स्वतंत्र जात मानला जातो आणि तोही हिवाळ्यात पश्चिम घाटात येतो. झिजलेल्या पिसांत आणि झाडाच्या सावलीत हे दोघे डोळ्यांनी वेगळे करणे अत्यंत कठीण असते. हिरवट वटवट्याची साद दोन अक्षरांची असते, तर कॉकेशसच्या या भावंडाची साद बहुधा तीन अक्षरांची, ‘चि-रि-वी’ अशी, ऐकू येते. त्यामुळे छायाचित्र नीट आले नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची साद मुद्रित करावी, तिच्यासोबत तारीख, ठिकाण आणि झाडाचे नाव लिहावे, आणि ‘ई-बर्ड’ किंवा ‘झेनो-कँटो’ यांसारख्या खुल्या संग्रहात ती ठेवावी. कोकणातील बागा, घाटमाथ्यावरील राया आणि देशावरील बाभळीची बने अशा तिन्ही ठिकाणांहून, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत अशी मुद्रणे जमत गेली, तर दोन अक्षरांचा पाहुणा कुठपर्यंत उतरतो आणि तीन अक्षरांचा कुठून सुरू होतो, हे सांगता येईल.