रजेचा फॉर्म सापडत नाही? ग्रंथपालाला बोलवा

नमस्कार मंडळी! मी ग्रंथपाल आहे, पण आज पुस्तकांबद्दल नाही, तुमच्या ऑफिसच्या इंट्रानेटबद्दल, म्हणजे फक्त ऑफिसातल्यांसाठी असलेल्या वेबसाइटबद्दल बोलायचंय.

एका संस्थेत मला बोलावलं होतं. म्हणाले, "मॅडम, सगळं अपलोड केलंय, पण कुणाला काही मिळत नाही." मी सर्चमध्ये 'रजा' टाकलं. काहीच नाही. 'सुट्टी' टाकलं, तर वर्षभराच्या सणांची यादी. 'लीव्ह' टाकल्यावर चार फायली आल्या: लीव्ह फॉर्म, लीव्ह फॉर्म न्यू, लीव्ह फॉर्म फायनल, फायनल २. त्यातल्या दोनांवर ज्या साहेबांची सही लागायची, ते केव्हाच रिटायर झालेले! प्रयोगशाळेतल्या एक मावशी तोच अर्ज तिसऱ्यांदा भरत होत्या. मला फार वाईट वाटलं. चूक त्यांची नव्हतीच.

आयटीची मुलं मेहनती होती, सर्व्हर उत्तम चालत होता. पण एकाच गोष्टीला माणसं चार नावांनी हाक मारतात, हे सर्व्हरला कोण सांगणार?

लायब्ररीतले ते लाकडी खण आठवतात? तालिकेची कार्डं? त्यात 'शिरवाडकर, वि. वा.' शोधलं की कार्डावर लिहिलेलं असायचं, 'पहा: कुसुमाग्रज'. वाचक कुठल्याही नावाने आला तरी रिकाम्या हाताने परत जायचा नाही. मी इंट्रानेटवर हेच केलं. 'रजा' हा प्रमाण शब्द ठरवला आणि सुट्टी, लीव्ह, सीएल (किरकोळ रजा), ईएल (अर्जित रजा) हे सगळे त्याच्याकडे वळवले. जुने तीन फॉर्म काढून टाकले. लायब्ररीत आम्ही त्याला निर्लेखन म्हणतो.

आता कप्पे कसे पाडायचे? इथे डॉ. एस. आर. रंगनाथन यांचं नाव घ्यायलाच हवं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल, मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९३३ मध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकं विषयवार लावायची पद्धत दिली. समजा विषय आहे, महाराष्ट्रातल्या उसावरचे रोग. तो शेतीत टाकायचा, रोगांत टाकायचा की महाराष्ट्रात? रंगनाथन म्हणाले, एका कप्प्यात कोंबू नका. पैलू सुटे करा, मग जोडा: पीक, समस्या, जागा, काळ. आज तुम्ही ऑनलाइन साडी घेताना रंग, कापड, किंमत असे फिल्टर लावता ना, त्यामागे हाच विचार आहे. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

आणि १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी ग्रंथालयवाले आणि वेबवाले एकत्र बसले. त्यातून 'डब्लिन कोअर' आलं, म्हणजे कुठल्याही फायलीची ओळख लिहायची ठरावीक यादी. पुढे त्याचे १५ घटक ठरले: शीर्षक, कर्ता, विषय, तारीख वगैरे. इंट्रानेटवरच्या प्रत्येक फायलीला निदान हे चार तरी हवेतच.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायची एकच प्रमाण पद्धत. तिच्या आधीच्या फॉन्टमधली परिपत्रकं डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. सर्चला 'निवृत्तिवेतन' दिसणार कुठून? पूर्ण मजकुराचं रूपांतर व्हायला वेळ लागतो. म्हणून तोवर मी एकेक परिपत्रक उघडते, आणि शीर्षक, तारीख, विषय युनिकोडमध्ये हाताने टाइप करते. रोज वीस. सुरुवात केली ती निवृत्तिवेतनाच्या परिपत्रकांपासून, कारण ती शोधायला येणाऱ्यांना थांबायला वेळ नसतो.