फिंगर लेक्सच्या काठच्या छोट्या रेल्वे

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्याच्या मध्यभागी उत्तर-दक्षिण दिशेने पसरलेले अकरा लांबट तलाव आहेत. नकाशावर ते हाताच्या बोटांसारखे दिसतात, म्हणून त्यांना फिंगर लेक्स हे नाव पडले. हिमयुगातील हिमनद्यांनी जुन्या नद्यांची खोरी खरवडून खोल केली आणि त्यांत पाणी साठून हे तलाव झाले. त्यांतील सेनेका तलाव सुमारे ६१ किलोमीटर लांब आणि १८८ मीटर खोल आहे. शेजारचा केयुगा तलाव लांबीला त्याहून थोडा अधिक असला, तरी त्याची रुंदी कोठेही सहा किलोमीटरपर्यंत जात नाही. केयुगाच्या दक्षिण टोकाला इथाका हे गाव आहे. तेथील कॉर्नेल विद्यापीठामुळे आपल्यापैकी काहींच्या घरांत हे नाव परिचयाचे असेल. या तलावांच्या काठाने आजही छोट्या कंपन्यांच्या मालगाड्या धावतात. अमेरिकेत अशा रेल्वेला शॉर्ट लाइन म्हणतात. मोठ्या कंपन्यांनी नकोसे ठरवलेले हे रूळ टिकले कसे, याविषयी आज मी बोलणार आहे.

रेल्वे बांधणाऱ्यांपुढे या प्रदेशाने सुरुवातीपासून एक पेच टाकला. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे तर वाटेत एकामागून एक तलाव आडवे येतात, त्यामुळे रुळांना तलावांच्या उत्तरेकडील सपाट टोकांजवळूनच जावे लागते. दक्षिणेकडे मात्र तलाव उंच डोंगरांच्या कुशीत शिरलेले आहेत, आणि तेथील गावांतून बाहेर पडायचे म्हणजे कडा चढण्याची तयारी हवी.

ही तयारी इथाकाने फार लवकर दाखवली. इथाका अँड ओवेगो रेलरोड या कंपनीला १८२८ साली सनद मिळाली आणि १८३४ साली तिचा मार्ग सुरू झाला. न्यू यॉर्क राज्यातील अगदी पहिल्या रेल्वे कंपन्यांपैकी ती एक होती. केयुगाच्या काठावरून निघून दक्षिणेला सस्क्वेहॅना नदीवरील ओवेगोला पोहोचणे हा तिचा उद्देश होता. इथाकातून बाहेर पडताना सुमारे ४०० फुटांची चढण होती, आणि ती चढण्यासाठी एक सरळ उतरण बांधून तिच्या माथ्यावर घोड्यांनी फिरवायचा रहाट बसवला होता. दोराला बांधलेले डबे या रहाटाने वर ओढले जात आणि पुढे सपाटीवरही घोडेच गाडी ओढत. तलावाच्या परिसरातील जिप्सम शेतीच्या खतासाठी दक्षिणेकडे जात असे, आणि त्याच्या जोडीला मीठही असे. पुढे १८४० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटनच्या खाणमालकांना उत्तरेकडची बाजारपेठ हवी होती, म्हणून त्यांनी हाच मार्ग हाती घेतला. ओझ्याची दिशा आता उलटली. कोळसा रेल्वेने इथाकापर्यंत येई, तेथे तो होड्यांत भरला जाई आणि केयुगा तलावातून, हडसन नदी आणि ईरी सरोवर यांना जोडणाऱ्या ईरी कालव्याकडे निघे. या सबंध व्यवस्थेत तलाव हा मार्गाचाच एक टप्पा होता, आणि रुळांचे काम त्या पाण्यापर्यंत पोहोचण्याचे होते. या प्रदेशातील रेल्वेच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

उत्तरेकडे वेगळा प्रकार घडत होता. ऑबर्न अँड सिराक्यूज रेलरोडने १८३८ साली घोड्यांच्या गाड्या सुरू केल्या आणि वर्षभरात वाफेची इंजिने आणली. ऑबर्न अँड रोचेस्टर रेलरोडचा मार्ग १८४१ साली पूर्ण झाला. ऑबर्न, सेनेका फॉल्स, जिनीव्हा आणि कॅनन्डेग्वा ही तलावांच्या उत्तर टोकांजवळची गावे त्यामुळे एका ओळीत जोडली गेली, आणि ऑल्बनीहून बफेलोकडे जाणारा प्रवासी याच वाटेने जाऊ लागला. स्त्रियांच्या हक्कांसाठीची १८४८ सालची पहिली परिषद ज्या सेनेका फॉल्समध्ये भरली, ते गाव याच मार्गावर होते. परंतु या मार्गाचे वैभव फार टिकले नाही. १८५३ साली सिराक्यूज आणि रोचेस्टर यांच्या दरम्यान तलावांच्या उत्तरेने सरळ मार्ग तयार झाला, त्याच वर्षी दहा कंपन्या एकत्र येऊन न्यू यॉर्क सेंट्रल ही बलाढ्य कंपनी उभी राहिली, आणि बारा वर्षांपूर्वीचा मुख्य मार्ग वळसा घालणारा फाटा ठरला. त्याला लोक ऑबर्न रोड म्हणत. हे नाव लक्षात ठेवावे, कारण आजच्या शॉर्ट लाइनचा कणा तोच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळशाच्या ओढीने येथे रुळांची दाटी झाली. १८७७ साली कॉर्निंगहून वॉटकिन्स ग्लेनमार्गे जिनीव्हापर्यंत रेल्वे आली, आणि १८९२ साली लीहाय व्हॅली कंपनीने केयुगा आणि सेनेका या तलावांच्या मधून बफेलोपर्यंत स्वतःचा मुख्य मार्ग नेला. ब्लॅक डायमंड ही तिची प्रसिद्ध प्रवासी गाडी १८९६ पासून १९५९ पर्यंत धावली आणि ती इथाकावरून जात असे. कॉर्नेलच्या वल्हवण्याच्या शर्यतींच्या दिवशी याच कंपनीच्या उघड्या डब्यांवर बाके मांडून खास गाडी सोडली जाई. ती तलावाच्या काठाने होड्यांच्या बरोबरीने धावे आणि प्रेक्षक गाडीत बसूनच शर्यत पाहत. आनंदाचे हे दिवस खरे असले, तरी एकाच खोऱ्यात तीन-तीन कंपन्यांनी रूळ टाकावेत इतका माल त्या प्रदेशात कधीच नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

आता केयुका या नावाच्या दुसऱ्या एका तलावाकडे वळू; हा केयुगा नव्हे. त्याच्या दक्षिण टोकाला हॅमंड्सपोर्ट हे द्राक्षांचे आणि वाइनचे गाव आहे. तलावाच्या उतारांवरील मळ्यांतली द्राक्षे वाफेच्या बोटींनी गावच्या धक्क्यावर येत, पण तेथून बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट नव्हती. बाथ येथून मोठी रेल्वे जात होती, आणि बाथ तेथून फक्त नऊ मैलांवर, म्हणजे सुमारे १४ किलोमीटरवर होते. गावकऱ्यांनी १८७२ साली बाथ अँड हॅमंड्सपोर्ट रेलरोड ही कंपनी स्थापन केली आणि १८७५ साली तीन फुटी नॅरो गेजवर गाडी सुरू केली. आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांतील अंतर अडीच फूट होते, त्यावरून या गाडीच्या आकाराची कल्पना यावी. १८८९ साली हा मार्ग स्टँडर्ड गेजचा, म्हणजे मोठ्या रेल्वेइतक्याच रुंद रुळांचा झाला, त्यामुळे वाइनच्या पेट्या बाथला उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरण्याची गरज राहिली नाही. पुढे विमानविद्येचे प्रवर्तक ग्लेन कर्टिस यांचा कारखाना याच गावात वाढला. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात मार्गाचा मुख्य धंदा आटला, आणि १९३५ सालच्या महापुराने रूळ उखडून टाकले. तोपर्यंत मार्गाची मालकी ईरी कंपनीकडे गेलेली होती. तिला दुरुस्तीत रस उरला नव्हता. तेव्हा १९३६ साली स्थानिक मंडळींनी पैसा उभा करून मार्ग विकत घेतला, दुरुस्त केला आणि गाड्या पुन्हा सुरू केल्या. त्यानंतर साठ वर्षे ही रेल्वे गावाच्या जवळच्या माणसांनी चालवली. हॅमंड्सपोर्टचे तलावाकाठचे लाकडी स्टेशन अजून उभे आहे. मला या घटनेविषयी मनापासून आदर वाटतो, कारण सरकारी मदतीची कोणतीही योजना नसताना आणि आर्थिक मंदी चालू असताना या लोकांनी रेल्वेसाठी आपली शिल्लक खर्ची घातली.

मोठ्या कंपन्यांचा ऱ्हास मात्र कोणी थांबवू शकले नाही. घरे तापवण्यासाठी कोळशाऐवजी तेल आणि गॅस आले. १९५० च्या दशकात न्यू यॉर्क थ्रूवे हा महामार्ग सरकारने रेल्वेला समांतर बांधला, आणि त्याच दशकात इथाका-ओवेगो हा जुना मार्गही उखडला गेला. न्यू यॉर्क सेंट्रलच्या विलीनीकरणातून १९६८ साली जन्मलेली पेन सेंट्रल कंपनी १९७० मध्ये दिवाळखोर झाली, लीहाय व्हॅलीनेही त्याच वर्षी हात टेकले, आणि जून १९७२ मध्ये ॲग्नेस चक्रीवादळाच्या पुराने उरलेल्या फाट्यांची दैना केली. पेन यान ते ड्रेसडेन हा फाटा त्या पुरात वाहून गेला तो कायमचाच. हा फाटा १८८४ साली एका बंद पडलेल्या कालव्याच्या काठावर बांधलेला होता, आणि आज त्याच जागेवरून लोक पायी आणि सायकलने जातात. १ एप्रिल १९७६ रोजी सरकारने दिवाळखोर कंपन्या एकत्र करून कॉनरेल स्थापन केली. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वे कंपन्यांना दर ठरवण्याची मोकळीक दिली आणि तोट्याचे मार्ग सोडणे वा विकणेही सोपे केले. या कायद्यामुळे अनेक गावांची रेल्वे गेली. छोट्या कंपन्यांना मार्ग विकत घेण्याचे दारही त्यानेच उघडले.

काही लोक या दारापाशी आधीच उभे होते. कोनीसस तलावाच्या उत्तर टोकाजवळ लेकव्हिल आहे. तेथून जाणारा फाटा ईरी लॅकवाना कंपनी बंद करू पाहत होती, तेव्हा स्थानिकांनी १९६४ साली लिव्होनिया, एव्हन अँड लेकव्हिल रेलरोड ही कंपनी काढून तो घेतला. आरंभी वाफेच्या इंजिनाच्या सहली लोकांना आकर्षित करीत, पण कंपनीला स्थैर्य दिले ते लेकव्हिलला वाघिण्यांतून उतरवल्या जाणाऱ्या मक्याच्या साखरपाकाने. याच कंपनीने १९९६ साली बाथ अँड हॅमंड्सपोर्टही आपल्याकडे घेतली.

त्याच परगण्यात रेटसॉफची मिठाची खाण होती. तिच्यासाठी १८९९ साली एडवर्ड फुलर यांनी जेनेसी अँड वायोमिंग ही सुमारे १४ मैलांची रेल्वे घेतली. १२ मार्च १९९४ रोजी खाणीचे छत कोसळले आणि खाण पाण्याने भरून गेली. पण त्याआधीच त्या कंपनीने दुसऱ्या छोट्या रेल्वे घ्यायला सुरुवात केली होती, आणि पुढे तिच्या छत्राखाली शंभराहून अधिक रेल्वे आल्या. २०१९ साली तिची विक्री सुमारे ८४० कोटी डॉलरांना झाली. हा प्रवास थक्क करणारा असला, तरी तलावाकाठच्या गावांच्या दृष्टीने मला तो दुय्यम वाटतो.

मुख्य गोष्ट १९९५ च्या जुलैमध्ये घडली. कॉनरेलला नको असलेला ऑबर्न रोड आणि त्याला जोडलेले फाटे घेऊन जिनीव्हा येथे फिंगर लेक्स रेल्वे सुरू झाली. आरंभी तिच्याकडे ११८ मैलांचे मार्ग होते, आता ते सुमारे १६७ मैल, म्हणजे जवळपास २७० किलोमीटर आहेत. तिने आपल्या इंजिनांवर जुन्या न्यू यॉर्क सेंट्रलच्या रंगसंगतीचे, विजेच्या आकाराचे पट्टे रंगवले. कामाची रीत सोपी आहे. मोठी कंपनी वाघिण्या जंक्शनवर आणून सोडते. तेथून शॉर्ट लाइनचे इंजिन त्या एकेका कारखान्याच्या साईडिंगवर, म्हणजे त्याच्या खास फाट्यावर, नेऊन लावते आणि भरलेल्या वा रिकाम्या झालेल्या वाघिण्या परत आणते. ऑबर्नचा पोलाद कारखाना, वॉटकिन्स ग्लेनचे मिठाचे कारखाने, धान्य, पशुखाद्य, लाकूड, असा तिचा धंदा आहे. वॉटकिन्स ग्लेनला जमिनीखालच्या मिठाच्या थरांत पाणी सोडतात, खारे पाणी वर काढतात आणि ते आटवून मीठ तयार करतात. मोठ्या कंपनीच्या हिशेबात आठवड्याला चार वाघिण्या देणारा गिऱ्हाईक नगण्य असतो. शॉर्ट लाइनचा व्यवस्थापक मात्र त्याच्या कारखान्यात स्वतः जाऊन त्याच्या सोयीची वेळ ठरवू शकतो.

परंतु केवळ आस्थेने रूळ टिकत नाहीत. न्यू यॉर्क राज्यात रेल्वेच्या जमिनीवरील मालमत्ता कर जड असतो, म्हणून येथील अनेक शॉर्ट लाइनच्या जमिनीची कायदेशीर मालकी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, औद्योगिक विकास संस्थेकडे ठेवलेली असते आणि कंपनी त्यावर गाड्या चालवते. माझ्या मते सगळे गणित या व्यवस्थेवर उभे आहे, कारण कंपनी बुडाली तरी गावाचा रेल्वेमार्ग भंगारात जाण्याचा धोका तिच्यामुळे पुष्कळ कमी होतो. दुसरी अडचण वजनाची आहे. आजची भरलेली वाघीण २,८६,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १३० टनांची असते. शंभर वर्षांपूर्वीचे हलके रूळ आणि पूल ते ओझे सहजी पेलत नाहीत, आणि कमकुवत रुळांवर मालगाडीला ताशी दहा मैलांची मर्यादा पाळावी लागते. रूळ आणि स्लीपर बदलण्यासाठी केंद्र सरकारने २००४ साली छोट्या रेल्वेंना करसवलत दिली आणि २०२० साली ती कायम केली. देशातील सुमारे ६०० शॉर्ट लाइनना तिचा आधार आहे.

आणि आता पुन्हा इथाका. लीहाय व्हॅलीचा उरलेला मार्ग पेनसिल्व्हेनियातील सेअरहून इथाकामार्गे केयुगाच्या पूर्व काठाने लान्सिंगपर्यंत जातो. डिसेंबर २०१८ मध्ये नॉरफोक सदर्न या मोठ्या रेल्वे कंपनीने तो भाड्याने दिला आणि इथाका सेंट्रल ही नवी शॉर्ट लाइन सुरू झाली. पुढच्याच वर्षी तलावाकाठचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र बंद पडले, आणि मार्गाचा एक मोठा ग्राहक कायमचा गेला. उरली ती केयुगा तलावाखालची, सुमारे ७०० मीटर खोलीवरची मिठाची खाण. तिचे मीठ हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यांवर टाकले जाते. एकाच खाणीवर सुमारे ८० किलोमीटरचा मार्ग अवलंबून असणे धोक्याचे आहे, म्हणून आजूबाजूच्या काउंट्यांनी या मार्गासाठी दुसरे ग्राहक शोधण्याचे काम आतापासूनच हाती घेतले पाहिजे, असे मला वाटते.

नमस्कार.