घड्याळ उसनं असलं तरी

मंडळी, विषय आफ्रिकेतल्या माली देशातल्या, बामाको शहरातल्या सेदू केइता या फोटोवाल्याचा आहे हे मला ठाऊक आहे. पण आधी आमच्या ताईच्या फोटोचं सांगतो, त्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही.

ताई सावळी. जाहिरातीतली ‘गहूवर्णी’ नव्हे. चांगली काळीसावळी, तजेलदार. स्थळांना पाठवायचा म्हणून स्टुडिओत फोटो काढला. फोटोवाल्याने कुणाला न विचारता निगेटिव्हवर हात चालवला. प्रिंट आली तर चेहरा पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा, आणि मांडीवरचे हात मात्र मूळचे. आई खूश. वडील म्हणाले, “ही कोण?” पाहुणे यायचे, फोटोकडे बघायचे, ताईकडे बघायचे, पोहे खाऊन जायचे. तीनदा झालं असं. त्या पोह्यांचे पैसे फोटोवाल्याकडून वसूल करायला हवे होते, असं मला अजून वाटतं. हसताय? तुमच्यापैकी किती जणांच्या कपाटात असा फोटो आहे? हात वर करू नका, ज्यांचा आहे ते शेजारीच बसले असतील.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर केइता. सुतारकाम शिकलेला माणूस. १९३५ साली काकाने सेनेगलहून कोडॅकचा साधा कॅमेरा आणून दिला, बाकी शिक्षण चुकत-माकत. १९४८ मध्ये बामाकोत, रेल्वे स्टेशनजवळ, स्टुडिओ काढला. माली तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. स्वातंत्र्य आलं १९६० ला. मागे पडदा कसला, तर घरची झालरवाली पलंगपोस! आपल्याकडे सोलापुरी चादर टांगायचे तशीच. दर दोन-तीन वर्षांनी पलंगपोस बदलायची, म्हणून नंतर फोटोंची सालं लावायला तीच कामी आली. स्टुडिओत कोट, टाय, घड्याळं, पेनं, रेडिओ, स्कूटर. ज्याला जे हवं ते घेऊन बसा. बहुतेक वेळा दिवसाच्या उजेडात आणि एकच फोटो, कारण फिल्म महाग.

आता माझा मुद्दा, तो घाईत सांगावा लागतोय. घड्याळ उसनं असलं तर ते खोटं नव्हे. उद्या मी कोण होणार, एवढंच ते सांगतं. खोटं असतं ते ताईचं पीठ. केइताची प्रिंट बघा. पलंगपोशीवर वेलबुट्टी, बाईच्या झग्यावर वेगळीच वेलबुट्टी, एवढ्या गर्दीत डोळा जातो तो थेट काळ्याभोर चेहऱ्यावर.

१९९१ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात हे फोटो लागले तेव्हा खाली लिहिलं होतं ‘छायाचित्रकार अज्ञात’. ते बघून आंद्रे मान्यें नावाचे गृहस्थ बामाकोला शोधत गेले, तर म्हातारा जिवंत! हजारो निगेटिव्ह जपून ठेवलेल्या. १९९४ ला पॅरिसमध्ये त्याचं प्रदर्शन भरलं, आणि ज्या प्रिंटा लोकांनी पोस्टकार्डाएवढ्या घरी नेल्या होत्या त्या भिंतीएवढ्या झाल्या.

दिवे लावू नका हो, एक स्लाइड राहिली. हा बघा, पांढऱ्या सुटातला, जाड चष्म्याचा तरुण, हातात एकच फूल. चष्मा त्याचा की स्टुडिओचा, ते मला विचारू नका.