काटा मध्यावर, गंधार बेसूर

नमस्कार श्रोतेहो.

आज स्टुडिओत माझ्यासोबत एक वाद्य आहे. तुम्हाला ते दिसणार नाही, म्हणून आधी डोळ्यांपुढे उभं करतो. चार पायांवर उभं असलेलं, हातभर रुंदीसुद्धा नसलेलं एक लांबट लाकडी टेबल समजा. त्यावर दहा तारा. गिटारसारखे पडदे नाहीत, पडद्यांच्या जागी नुसत्या रंगवलेल्या रेघा. डाव्या हातात पोलादी दांडा. तो तारांवर टेकवून सरकवायचा, दाबायचा नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. डाव्या पायाखाली तीन पेडल, उजव्या पायाखाली आवाज लहानमोठा करणारं चौथं, आणि गुडघ्यांनी ढकलायला टेबलाखालून लोंबणाऱ्या पट्ट्या. माझ्या आईनं पहिल्यांदा मला वाजवताना पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, तू शिवणकाम कधी शिकलास?"

ही पेडल स्टील गिटार.

(स्टीलचा एक लांब, खालून वर चढत जाणारा स्वर)

हिचं आजोळ हवाई बेटांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या जोसेफ केकुकूनं गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवर पोलादाचा तुकडा फिरवला. ती हवाईयन गिटार पुढे आपल्याकडेही आली. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले, विश्वमोहन भट्टांनी त्याच वाटेनं जाऊन मोहनवीणा घडवली. अमेरिकेत मात्र तिला पाय फुटले. १९५४मध्ये वेब पिअर्स या गायकाच्या एका रेकॉर्डवर बड आयझॅक्स या वादकानं तार वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि एका स्वरातून दुसरा स्वर वितळल्यासारखा वर आला. नॅशव्हिलचं कंट्री संगीत त्यानंतर या आवाजाशिवाय ओळखू येईनासं झालं. इतिहास एवढाच पुरे. मला आज बोलायचंय ते हे वाद्य सुरात लावण्याबद्दल.

नॅशव्हिलमध्ये रूढ असलेली जुळणी 'ई नाइन्थ' या नावानं ओळखतात. पण आपण ती आपल्या भाषेत मांडू. ई म्हणजे षड्ज धरा. मग दहा तारांत दोन षड्ज, दोन पंचम, दोन शुद्ध गंधार. उरलेल्या चारांत दोन ऋषभ, एक शुद्ध निषाद आणि एक कोमल निषाद. आता पेडल. पहिलं पेडल दोन्ही पंचमांना धैवतावर नेतं. दुसरं दोन्ही गंधारांना शुद्ध मध्यमावर. म्हणजे सा, ग, प वाजत असताना दोन्ही दाबली, की हाताला काहीही न करता सा, म, ध.

(सा-ग-प, मग पेडल दाबून सा-म-ध)

मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. टेक्सासात नोकरीला असताना एक जुनी स्टील विकत घेतली आणि त्याच दिवशी ट्यूनरही. ट्यूनर तुम्ही गिटार शिकणाऱ्या मुलांकडे पाहिला असेल. तार छेडली की स्वराचं अक्षर दिसतं आणि काटा सांगतो, चढा आहे की उतरलेला. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक सेंट. बरा ट्यूनर एकदोन सेंटचा फरकही दाखवतो. मी पाऊण तास घालवून दहाही तारांचा काटा एकेक करून बरोबर मध्यावर आणला. मापक यंत्रावर माझा विश्वास, दुसरं काय! आणि मग सा, ग, प एकत्र छेडले.

(तीन स्वर एकत्र, थरथर ऐकू येते)

ऐकलंत? आत काहीतरी घरघरतंय. मला वाटलं, वाद्यच खराब आहे, पैसे पाण्यात गेले.

आमच्या गल्लीत एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर राहायचे. शनिवारी रात्री नाचाच्या हॉलमध्ये स्टील वाजवायचे. मी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी माझा ट्यूनर उचलून खुर्चीवर ठेवला, खालचा षड्ज आणि खालचा गंधार एकत्र छेडले, आणि गंधाराची खुंटी हळूहळू सैल करायला लागले. थरथर मंदावली. आधी सेकंदाला सहासात हेलकावे होते, मग तीन झाले, मग एक, आणि मग विहिरीतल्या पाण्यासारखं सगळं स्वस्थ.

(तोच प्रयोग: हेलकावे मंदावत थांबतात)

ते गेल्यावर मी चोरासारखा ट्यूनर पुन्हा लावला. काटा मध्याच्या डावीकडे, चौदा सेंट खाली. यंत्राच्या मते तार बेसूर होती. पण तो स्वर मी ओळखत होतो. सांगलीच्या घरी पहाटे आई तंबोरा जुळवायची. खर्जाची तार नीट लागली, जवारी, म्हणजे तारेतली झणझण, खुली असली, की कोणीही न छेडलेला गंधार त्यातून उमटायचा. स्वयंभू गंधार. लहानपणी मी तंबोऱ्याच्या मागे जाऊन बघायचो, तिकडे आणखी एखादी तार आहे का म्हणून. टेक्सासातल्या त्या गॅरेजमध्ये, डिझेलच्या वासात, तोच गंधार माझ्यासमोर उभा होता.

आता यात गूढ काही नाही. तार सेकंदाला १०० वेळा कंप पावत असेल, तर तिच्या आवाजात २००, ३००, ४००, ५०० असे अंशही मिसळलेले असतात. त्यातला पाचवा, ५०० चा, गंधाराच्या घरातला. तो दोन सप्तकं खाली आणला की १२५. म्हणजे षड्ज ४ तर गंधार ५. साधं, पूर्ण अंकांचं नातं. ट्यूनर मात्र पियानोचा वारसदार. तो सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे करतो, आणि त्या हिशेबात गंधार १२६ च्या जवळ जातो. एवढासा फरक! पण षड्जाच्या तारेतला स्वयंभू गंधार आणि ही चढी तार एकमेकींशी भांडतात. शाळेत याला विस्पंद म्हणून शिकवलं होतं. माझ्या खालच्या षड्जावर हिशेब केला तर सेकंदाला साधारण साडेसहा विस्पंद येतात, वरच्या सप्तकात तेरा. पंचम त्या मानानं नशीबवान. त्याची चूक दोनच सेंटची, दोन सेकंदांत जेमतेम एक हेलकावा. कानाला कळतही नाही.

मग पियानो ऐकताना आपण कान का झाकत नाही? कारण पियानोचा स्वर वाजला की विरत जातो, आणि त्याला बाराही स्वरांना षड्ज मानायचं असतं, म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं. स्टीलवादक उजव्या पायानं आवाज उचलत उचलत एकच स्वरमेळ सातआठ सेकंद धरून ठेवतो. तेवढ्या वेळात प्रत्येक हेलकावा मोजता येतो.

स्वर धरून ठेवणारं आपल्याकडचं वाद्य म्हणजे पेटी. रेडिओवर बसून हे सांगताना मला थोडं हसू येतंय, कारण १९४० साली आकाशवाणीनं पेटीला स्टुडिओचं दार बंद केलं आणि ते १९७०च्या दशकात हळूहळू उघडलं. एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड निघत नाही ही एक तक्रार होती, आणि ठरलेले बारा स्वर ही दुसरी. त्याच्याही कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आमच्या सांगलीकडच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीनं श्रुतींची, म्हणजे बारा स्वरांच्या मधले बारीक स्वरही देणारी, पेटी करवून घेतली होती. आजही डॉ. विद्याधर ओकांची बावीस श्रुतींची पेटी ऐकायला मिळते. माझं मत विचाराल तर पेटीवरचा राग थोडा जास्तच होता. पण गंधाराबद्दलची तक्रार खोटी नव्हती.

परत स्टीलकडे येतो. खुंट्या डावीकडे असतात, त्या मोकळ्या तारांसाठी. पेडल दाबल्यावर जो स्वर मिळायला हवा, तो लावायची जागा उजव्या टोकाला. तिथे आतल्या सळयांची टोकं बाहेर डोकावतात आणि त्यांवर नायलॉनचे छोटे नट बसवलेले असतात. षट्कोनी चावीनं ते केसभर फिरवायचे. तंबोऱ्यात सूर केसभर हलवणाऱ्या मण्याचं काम इथे हा नट करतो, एवढंच.

क्रम महत्त्वाचा. आधी मोकळ्या तारा, मग पेडल दाबून धरून नट. षड्ज काट्याच्या मध्यावर असेल, तर गंधार चौदा सेंट खाली. पहिल्या पेडलचा धैवत जवळजवळ सोळा खाली. दुसऱ्या पेडलचा मध्यम दोनच सेंट खाली, तो षड्जाचा जवळचा नातेवाईक. आणि गुडघ्याच्या एका पट्टीनं षड्ज कोमल ऋषभावर चढतो. पहिलं पेडल दाबून धैवतालाच षड्ज मानलं, की हा कोमल ऋषभ त्याचा गंधार होतो. म्हणजे आधीच उतरलेल्या धैवताचा उतरलेला गंधार. तो एकोणतीस सेंट खाली लागतो. पहिल्यांदा काटा तिथे पाहिला तेव्हा मी चावी घेऊन नट सैल झालाय का तेच तपासत बसलो होतो.

इथपर्यंत सगळं छान जुळतं. घोळ घालतो तो ऋषभ. मोकळ्या तारांत तो पंचमाचा पंचम, तेव्हा त्याला चार सेंट चढं राहायचं असतं. पेडल दाबून मध्यम हाच षड्ज झाला, की तोच ऋषभ त्याचा धैवत होतो आणि त्याला अठरा सेंट खाली जायचं असतं. तार एक, मागण्या दोन, मध्ये बावीस सेंटची दरी. ही दरी आपल्याकडे नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्राम नावाच्या स्वरसमूहातला पंचम एका प्रमाणश्रुतीनं, म्हणजे मोजमापाच्या एका श्रुतीनं, उतरवला की मध्यमग्राम हा दुसरा समूह होतो, आणि ती प्रमाणश्रुती बरेच अभ्यासक ८१ला ८० या प्रमाणाची धरतात. बावीस सेंट म्हणजे तीच. भरतानं त्यासाठी दोन वीणा घेतल्या होत्या, स्टीलवाल्याकडे एकच. काही जण एक जादा सळई बसवून घेतात. पेडल दाबलं की ती ऋषभाला गुपचूप थोडं खाली ओढते. बाकीचे मधला मार्ग काढतात.

आणखी एक पाजीपणा हे वाद्य करतं. पेडलनं काही तारा ताणल्या, की लाकडी अंग किंचित वाकतं आणि न हललेल्या तारा एकदोन सेंटनं, जुन्या वाद्यांत त्याहून जास्त, उतरतात. मोकळा षड्ज अचूक लावून मी खुश व्हायचो; पेडल दाबलं की तो खाली. म्हणून षड्ज दोन्ही स्थितींत तपासायचा आणि मध्ये कुठेतरी ठेवायचा.

मग ट्यूनर फेकून द्यायचा का? छे. नाचाच्या हॉलमध्ये ड्रमवाला शेजारी बडवत असताना विस्पंद ऐकणार कसे? कानानं एकदा शांतपणे जुळवायचं, प्रत्येक तारेला काटा कुठे थांबला ते कागदावर लिहायचं, आणि गर्दीत त्या कागदावरून लावायचं. जेफ न्यूमन या नावाजलेल्या शिक्षकाचा असा तक्ता स्टीलवाल्यांमध्ये हातोहात फिरला. पीटरसन कंपनीच्या स्ट्रोब जातीच्या ट्यूनरमध्ये तर पेडल स्टीलची जुळणी आधीच भरून मिळते. तार हळू छेडायची, कारण जोरात छेडली तर पहिला क्षण चढा दाखवतो. शेजारच्या तारा तळहातानं बंद ठेवायच्या. आणि बरेच जण षड्ज मुद्दाम दहाएक सेंट चढा ठेवतात, म्हणजे गंधार चौदाऐवजी चारच सेंट खाली दिसतो. बाकीचा बँड समान बारा तुकड्यांवर वाजत असतो. त्याच्याशी फार फटकून राहता येत नाही.

आणि हे सगळं ऐकून तुम्ही मान डोलवत असाल तर एक अडचण सांगून ठेवतो. या वाद्यावरचा सर्वांत मोठा हात बडी एमन्स यांचा, असं मानणारे पुष्कळ आहेत. ते २०१५ साली गेले. आणि उत्तरकाळात ते काटा मध्यावर ठेवून, समान बारा तुकड्यांवरच वाद्य लावायचे. ते वाजवत तेव्हा बेसूर वाटत नसे. दांड्याचा कंप, पायाखालचा आवाज, कुठला स्वर कधी सोडायचा याची जाण, यांतून ते हेलकावे कुठे जिरत, मला अजून पकडता आलेलं नाही. मी ते ऐकतो आणि घरी येऊन माझा गंधार चौदा सेंट खालीच लावतो.

आज सकाळी मी घरून वाद्य जुळवून निघालो. स्टुडिओतल्या एसीत आल्यावर तारा आक्रसल्या आणि सगळं वर चढलं, म्हणून ध्वनिमुद्रणाआधी पुन्हा सगळं लावावं लागलं; इथल्या इंजिनिअरसाहेबांनी तोवर दोन चहा घेतले. ऋषभ मी आज सात सेंट खाली ठेवलाय, दोन मागण्यांच्या बरोबर मध्ये. दोन्हीकडे थोडा खटकेल. आधी पेडल न दाबता वाजवतो, मग दाबून. ऋषभावर कान ठेवा.

(वादन)